ग्रीन कॉरिडॉरची मिनिटं छापता, मग क्लॅम्पची पण छापा की

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुणे आवृत्तीत अधूनमधून ग्रीन कॉरिडॉरची बातमी येतेच. लोहगाव विमानतळावरून हृदय निघालं, पोलिसांनी सिग्नल मोकळे ठेवले, अँब्युलन्स अमुक मिनिटांत पोचली, आणि फोटोत डबा उचलून पळणारी माणसं. पोलिसांचं कौतुक व्हायलाच हवं, नगर रोडवरून जो कोणी काहीही वेळेत नेऊन दाखवेल त्याचा पुण्यात जाहीर सत्कार झाला पाहिजे या मताचा मी आहे. पण त्या डब्यातलं हृदय तोपर्यंत खराब कसं होत नाही, हे मी तुमच्याच काय कुठल्याच मराठी पेपरात नीट वाचलेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि ते लांबणार आहे हे आधीच सांगतो.

मी पर्फ्युजनिस्ट होतो. म्हणजे ओपन हार्ट सर्जरी चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवणारा माणूस. पुण्यातल्याच हॉस्पिटलांत बरीच वर्षं नोकरी करून आता घरी बसलोय, त्यामुळे पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला वेळ आहे आणि तक्रार करायलाही.

आधी त्या डब्याचं सांगतो. डोनरच्या छातीत महाधमनीवर क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लागला की घड्याळ सुरू होतं. त्याच क्षणी हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत थंडगार सोल्यूशन सोडतात, हृदय थांबतं, मग ते काढून एकात एक अशा स्टराइल पिशव्यांत थंड द्रवात बुडवून ठेवतात आणि त्या पिशव्या बर्फाच्या डब्यात जातात. बर्फ हृदयाला थेट लागू द्यायचा नसतो, लागला तर स्नायू तिथे गोठून खराब होतो. आणि हे घड्याळ डबा हॉस्पिटलच्या दारात पोचला की थांबत नाही, ते थांबतं नवीन छातीत हृदय शिवून तिथला क्लॅम्प काढतात तेव्हा. हे सगळं मिळून साधारण ४ तासांच्या आत बसवायची धडपड असते आणि त्यातला तासभर तर नुसता शिवण्यात जातो. म्हणजे तुम्ही ज्याची हेडलाइन करता ती रस्त्यावरची वाचलेली मिनिटं मोलाची आहेतच, पण उरलेला सगळा वेळ ते हृदय त्या सोल्यूशनच्या आणि थंडीच्या भरवशावर असतं, त्याबद्दल बातमीत एक ओळ नाही.

बरं, ट्रान्सप्लांट ही क्वचित होणारी गोष्ट. पण पुण्यात कॅम्पापासून कोथरूडपर्यंत, वानवडीच्या मिलिटरी हॉस्पिटलात, एरंडवण्यात, रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, कोणाचं तरी हृदय मुद्दाम थांबवलं जातं, झडप बदलायला, बायपासला, लहान मुलाच्या हृदयातलं भोक बुजवायला, आणि दुपारी ते परत चालू होतं. हे इतकं नेहमीचं झालंय की यातलं अवघड काय ते कोणाला दिसतच नाही. लोकांना वाटतं अवघड म्हणजे शिवणं. शिवणं अवघड आहेच, सर्जनचा हात तो हात. पण ज्या स्नायूवर शिवताय तो शिवून होईपर्यंत जिवंत ठेवणं हे निम्मं ऑपरेशन आहे, आणि टाका कितीही सुंदर बसला तरी खालचा स्नायू मेला असेल तर पेशंट मशीनवरून उतरत नाही.

आता होतं काय ते सांगतो, तुमच्या वार्ताहराने हे कापून ठेवावं.

मशीनवर घेतलं की शरीराचं रक्त नळीतून मशीनमध्ये येतं, ऑक्सिजन घेतं, परत महाधमनीत जातं. मेंदू, किडनी, लिव्हर सगळ्यांना रक्त मिळत राहतं. मग हृदय आणि ही परत जाणारी नळी यांच्या मध्ये महाधमनीवर क्लॅम्प लावतात म्हणजे हृदयात रक्त येत नाही आणि सर्जनला कोरडं दिसतं. पण हृदयाला रक्त देणाऱ्या कोरोनरी महाधमनीच्या अगदी बुडाशी निघतात, क्लॅम्पच्या अलीकडे हृदयाच्या बाजूला, त्यामुळे क्लॅम्प लागल्यावर सगळ्या अंगाला रक्त मिळतंय आणि फक्त हृदयालाच नाही अशी विचित्र परिस्थिती होते. अंगाच्या उष्णतेला, धडधड चालू असताना असं ठेवलं तर साधारण २०-३० मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. आणि साधं भोक बुजवायलाच अर्धा तास लागतो, एक झडप म्हणजे तास-सव्वा तास, दोन झडपा किंवा महाधमनीचं मोठं काम निघालं तर दोन तासांच्या वर. हे गणित जमवायचं कसं?

तर हृदयाला काम करू द्यायचं नाही. धडधडणारं हृदय १०० ग्रॅम स्नायूमागे मिनिटाला ८ ते १० मिली ऑक्सिजन खातं. तेच थांबवलं, थंड न करता नुसतं थांबवलं, तर साधारण १ मिलीवर येतं. थंड केलं की त्याहून खाली, २२ डिग्रीला ०.३ च्या आसपास. म्हणजे ९० टक्के बचत थांबवण्याने होते, थंडी वरची थोडी भर घालते. लोकांना उलटं वाटतं, बर्फात ठेवलं म्हणून टिकलं. पण शून्य कधीच होत नाही हे लक्षात घ्या. दुपारी १ ते ४ शटर ओढलेल्या आपल्या पेठेतल्या दुकानात सुद्धा आतला फ्रीज चालू असतो आणि मीटर फिरत असतो, तसंच हे. म्हणून ठरावीक वेळाने परत डोस द्यावा लागतो.

थांबवतात पोटॅशियमने. किडनीच्या पेशंटला डॉक्टर नारळपाणी बंद करायला सांगतात ना, रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं म्हणून, तोच हा धोका इथे मुद्दाम आणि मोजून वापरायचा. रक्तात पोटॅशियम असतं लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल, नेहमीच्या सोल्यूशनमध्ये १६ च्या आसपास. पेशीबाहेर एवढं पोटॅशियम झालं की सोडियम आत यायची दारं बंद होतात, विजेचा ठोका पुढे जात नाही आणि हृदय सैल अवस्थेत थांबतं. सैल हे महत्त्वाचं. आखडून थांबलं तर उरलीसुरली शक्ती त्यातच जळून जाते.

या सोल्यूशनला कार्डिओप्लेजिया म्हणतात, ओटीत नुसतं प्लेजिया.

ही आयडिया सुचली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलातल्या डेनिस मेलरोझ यांना, १९५५ साली. त्याच्या दोनच वर्षं आधी, ६ मे १९५३ ला, फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं होतं, म्हणजे मशीन नुकतंच आलं होतं आणि लगेच प्रश्न पडला की धडधडणाऱ्या हृदयावर नीट शिवायचं कसं. मेलरोझनी पोटॅशियम सायट्रेट वापरलं, हृदय झटक्यात थांबलं, सगळे खूश, जगभर वापरायला लागले. पण त्यांचं प्रमाण आजच्या कितीतरी पट तीव्र होतं, काही वर्षांत लक्षात आलं की स्नायूच मरतोय, आणि पद्धत टाकून दिली गेली. मला यात खटकतं ते असं की तत्त्व बरोबर होतं, डोस चुकला होता, आणि डोसापायी अमेरिका-इंग्लंडमध्ये तत्त्वच दहा-बारा वर्षं अडगळीत गेलं. जर्मनीत ब्रेटश्नायडर यांच्यासारखी मंडळी आपल्या वाटेने काम करत राहिली, त्यांचं सोल्यूशन आजही वापरात आहे. बाकीचे सर्जन या मधल्या काळात काय करत होते, तर स्टॅनफर्डच्या नॉर्मन शमवे यांनी दाखवलं तसं छातीत बर्फासारखं थंड सलाइन ओतायचं, किंवा थोडा वेळ क्लॅम्प लावायचा, काढायचा, परत लावायचा, नाहीतर हृदय नुसतं थरथरत ठेवून घाईने उरकायचं.

मग १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या डेन्टन कूली यांनी लिहिलं की ऑपरेशन ठीक होतं पण काही पेशंटचं हृदय क्लॅम्प काढल्यावर सैल पडतच नाही, दगडासारखं घट्ट आवळलेलं राहतं, काही केल्या चालू होत नाही. स्टोन हार्ट असं त्यांनीच नाव दिलं. कूली म्हणजे त्या काळातला जगातला सगळ्यात झपाट्याने शिवणारा माणूस समजा, आणि त्यांच्या टेबलावर हे होत होतं! म्हणजे हात कितीही जलद असला तरी स्नायू सांभाळायची वेगळी सोय हवी हे उघड झालं. १९७३ मध्ये अमेरिकेत गे आणि एबर्ट यांनी पोटॅशियम कमी डोसात परत आणलं, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात डेव्हिड हर्स यांनी उंदरांच्या हृदयांवर एकेक क्षार कमीजास्त करून बघितला आणि तिथल्याच सर्जन ब्रेमब्रिज यांनी १९७५ पासून ते सोल्यूशन पेशंटवर वापरलं. आपल्याकडे आजही जी २० मिलीची स्वस्तातली अँप्यूल लिटरभर द्रवात मिसळतात ती याच सेंट थॉमसच्या फॉर्म्युल्याची.

पुढे १९७८ मध्ये लॉस एंजेलिसच्या बकबर्ग यांच्या टीमने म्हटलं की नुसतं पाणी कशाला, पेशंटचंच रक्त मिसळा, चार भाग रक्त आणि एक भाग सोल्यूशन, ऑक्सिजनही मिळेल आणि आम्लही शोषलं जाईल. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्गला पेड्रो डेल निडो यांनी लहान मुलांसाठी बरोबर उलटं केलं, एक भाग रक्त आणि चार भाग सोल्यूशन, त्यात मॅग्नेशियम, मॅनिटॉल, सोडा बायकार्ब आणि लिग्नोकेन, हो, दाताचा डॉक्टर हिरडी बधिर करायला देतो तेच लिग्नोकेन. किलोला २० मिली, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त लिटरभर, आणि एका डोसवर तास-दीड तास निघतो. त्यामुळे दर २० मिनिटांनी सर्जनला थांबवून डोस द्यायची कटकट गेली. २०१० नंतर मोठ्या माणसांतही हे बरंच पसरलं. मूळ कृतीत प्लाझ्मालाइट नावाचं सलाइनसारखं द्रव लागतं, ते आपल्याकडे सहज मिळत नसे, म्हणून आपल्या बऱ्याच सेंटर्सनी रिंगर लॅक्टेट या नेहमीच्या सलाइनवर ते बसवलं आणि चाललं. यावर एक अख्खा लेख होईल पण तो तुम्ही छापणार नाही.

आता ओटीत हे कसं दिसतं. सर्जन म्हणतो फ्लो डाऊन, मी पंप कमी करतो, क्लॅम्प लागतो, तो म्हणतो क्लॅम्प ऑन, मी फ्लो परत वर आणतो आणि घड्याळाचं बटण दाबतो. लगेच प्लेजिया ऑन. मग माझे दोन डोळे तीन ठिकाणी, नळीतलं प्रेशर, किती मिली गेलं आणि ईसीजी. ईसीजीचे ठोके आधी रुंद आणि बेढब होतात, मधलं अंतर वाढतं, मग एखादाच, आणि मग सरळ रेष. सिनेमात ही रेष आली की बॅकग्राउंडला सनई वाजते, आमच्याकडे ही रेष पटकन आली नाही तर टेन्शन, कारण त्याचा अर्थ सोल्यूशन जायचं तिथे जात नाहीये. महाधमनीची झडप गळकी असेल तर मुळाशी सोडलेलं सगळं कोरोनरीत न जाता मागे हृदयाच्या कप्प्यात पडतं आणि कप्पा फुग्यासारखा ताणला जातो, आणि ताणलेला स्नायू म्हणजे अर्धा बिघडलेला स्नायू. मग महाधमनी उघडून कोरोनरीच्या तोंडात थेट नळी धरून द्यावं लागतं, किंवा मागच्या बाजूने, शिरेतून उलटं. उलटं देताना प्रेशर ४० च्या वर जाऊ द्यायचं नाही, शीर फाटते. आणि उलट्या मार्गाने उजव्या बाजूला नीट पोचत नाही, तेही डोक्यात ठेवायचं. बायपासच्या पेशंटला तर रक्तवाहिन्याच तुंबलेल्या, म्हणजे ज्या भागाला सगळ्यात जास्त गरज तिथेच सोल्यूशन पोचायला अडचण, मग नवीन जोडलेल्या नळीतून पण डोस द्यायचा. वर्षानुवर्षं झडप अरुंद असल्याने जाड झालेलं हृदय असेल तर त्याचा आतला थर सांभाळणं सगळ्यात कठीण.

वीस मिनिटं झाली की मी ओरडतो, ट्वेंटी मिनिट्स सर. सर शेवटच्या दोन टाक्यांवर असतात आणि म्हणतात हो हो, दोन मिनिटं. ही दोन मिनिटं म्हणजे आपल्या लग्नातल्या मुहूर्ताच्या आधीची दोन मिनिटं, त्यावर वेगळं काय सांगू. चांगला सर्जन मात्र थांबतो. मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्यातले एकजण टाका अर्धवट सोडून हात वर करायचे आणि डोस संपेपर्यंत ब्र काढायचे नाहीत, त्यांच्या पेशंटला नंतर औषधांचा टेकू बहुतेक वेळा कमीच लागायचा, हे माझं डोळ्यांनी बघितलेलं मत, संशोधन नव्हे.

आणि सगळं झाल्यावर क्लॅम्प काढणं ही काही सुटका नसते. उपाशी स्नायूला एकदम रक्त मिळालं की पेशीत कॅल्शियम घुसतं आणि उरलेलं नुकसान तेव्हा होतं. म्हणून बरेचजण क्लॅम्प काढायच्या आधी कोमट रक्ताचा शेवटचा डोस देतात, त्याला हॉट शॉट म्हणतात, आणि पहिली काही मिनिटं प्रेशर बेताचं ठेवतात. काही वेळा हृदय आपणहून ठोका धरतं, काही वेळा थरथरतं मग आतल्या पॅडलने १०-२० ज्यूलचा झटका.

हे सगळं मी इतकं सविस्तर का लिहितोय त्याचं कारण आमच्या सोसायटीत घडलं. वरच्या मजल्यावरच्या काकांची झडप बदलली, हॉस्पिटलचं नाव घेत नाही, ऑपरेशन चांगलं झालं. पण नंतर पहिले काही दिवस पंपिंग कमी होतं, औषधांवर ठेवलं, आयसीयूतला मुक्काम वाढला आणि बिलही. त्यांचा मुलगा फाइल घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला काका, बिलात हे कार्डिओप्लेजिया सोल्यूशन म्हणून लावलंय, हे काय असतं, जबरदस्तीने लावलंय का. मी म्हटलं अरे बाबा, बिलातली बाकी कुठलीही ओळ खोडलीस तरी ही खोडू नकोस, याच्यावरच तुझे बाबा घरी आलेत. मग मी डिस्चार्ज कार्ड बघितलं. त्यात तूप कमी खा, वजन उचलू नका, झडपेचा नंबर, कंपनी, साइज सगळं होतं. किती वेळ मशीनवर होते, क्लॅम्प किती मिनिटं होता, कुठलं सोल्यूशन कितीदा दिलं, यातलं काहीही नाही! म्हणजे ज्याचे पैसे लावले त्याचा उल्लेख बिलात आहे आणि उपचाराच्या कागदात नाही. मुलाला वाटत होतं की सर्जनने काहीतरी गडबड केली म्हणून पंपिंग कमी झालं. खरं म्हणजे जाड झालेलं हृदय होतं, क्लॅम्प लांबला असेल, असं थोडे दिवस मंद राहणारं हृदय नंतर सावरतं हे आम्ही कितीदा तरी बघतो. पण त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. वेटिंग हॉलमध्ये दर दोन तासांनी कोणीतरी बाहेर येऊन चालू आहे, ठीक आहे, एवढंच म्हणून गेलं. असा न समजलेला राग पुढे काउंटरवर निघतो, आणि मग तुमच्याकडे रुग्णालयात गोंधळ अशी बातमी येते.

पर्फ्युजन चार्ट प्रत्येक केसचा असतो, मिनिटामिनिटाचा, तो आम्हीच भरतो. लपवण्यासारखं त्यात काही नसतं. आणि लोकांना माहिती नसतं म्हणून मुद्दाम लिहितो, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत केसपेपर द्यावे लागतात. पर्फ्युजन चार्ट हा केसपेपरचाच भाग आहे, तो पण मागा. पुढे कधी दुसऱ्यांदा छाती उघडायची वेळ आली तर नवीन टीमला तो सोन्यासारखा उपयोगी पडतो.

दुसरा मुद्दा जाहिरातींचा. हृदय न थांबवता बायपास, असे बोर्ड आपण सगळ्यांनी बघितलेत, आणि तुमच्या पुरवण्यांत पण तशा मुलाखती येतात. वाचणाऱ्याला वाटतं हृदय थांबवणं म्हणजे जुनाट आणि धोक्याचं, न थांबवणं म्हणजे आधुनिक. धडधडत्या हृदयावर बायपास आपल्या देशात भरपूर होतात, उत्तम होतात, महाधमनी कडक झालेली असेल अशा काही पेशंटला तेच बरं. पण २०१२ मध्ये १९ देशांतल्या ४७५२ पेशंटवरचा मोठा अभ्यास आला, कोरोनरी नावाचा, त्यात दोन्ही पद्धतींत मृत्यू, हार्ट अटॅक, लकवा, किडनी फेल अशा मोठ्या गोष्टी एकत्र धरल्या तर ३० दिवसांनी ठळक फरक दिसला नाही, आणि २०१६ मध्ये पाच वर्षांचे आकडे आले तेव्हाही नाही. तेव्हा कुठली पद्धत हे सर्जनला कशाचा सराव आहे आणि पेशंटचं हृदय कसं आहे यावर ठरू द्या, बोर्डवर नको. आणि झडप किंवा आतलं भोक असेल आणि ते उघडूनच दुरुस्त करायचं ठरलं असेल तर बहुतेक वेळा थांबवावंच लागतं. मला एका आजींनी ऑपरेशनच्या आधी विचारलं होतं, माझं हृदय बंद करणार म्हणजे तेवढा वेळ मी मेलेली असणार का हो? त्यांना कोणीतरी असंच काहीतरी वाचून दाखवलं होतं. मी सांगितलं आजी, तेवढा वेळ तुमचं काम मी करणार, तुमच्या हृदयाला सुट्टी. आजी म्हणाल्या मग झोपू नकोस म्हणजे झालं.

आता मागणी. तुमच्या बातमीदारांनी यशस्वी शस्त्रक्रिया छापताना हृदय किती वेळ थांबवलं होतं आणि ते कसं सांभाळलं एवढं विचारून दोन वाक्यं टाकावीत. मात्र त्याची शर्यत करू नका ही कळकळीची विनंती, उद्या 'अवघ्या ३५ मिनिटांत' असं हेडिंग यायला लागलं तर मी हे पत्र लिहून पाप केलं असं होईल. क्लॅम्प कमी वेळ असणं चांगलंच, पण घाईत गळकी राहिलेली झडप त्याहून वाईट, आणि नीट सांभाळलेलं हृदय दोन तासांनंतरही हसत उठतं हे मी बघितलंय. आणि बातमीत सर्जन, भूलतज्ज्ञ, हॉस्पिटलचे ट्रस्टी, कधी कधी स्थानिक नगरसेवक यांची नावं असतात, तिथे पर्फ्युजनिस्टचं नाव असलं तर बिघडतं का काही. स्वतःसाठी म्हणत नाही, मी रिटायर झालो. पण आज बीएस्सी करून या कोर्सला येणारी मुलं-मुली आहेत, आठ-आठ तास स्टुलावरून न उठता पंपावर बसतात, त्यांच्या घरच्यांनाही नीट सांगता येत नाही की पोरगी नक्की करते काय.

हॉस्पिटलांना माझं म्हणणं, डिस्चार्ज कार्डवर तीन ओळी वाढवा, बायपास टाइम (म्हणजे मशीनवरचा वेळ), क्लॅम्प टाइम, प्लेजिया कुठला आणि किती. छपाईचा खर्च शून्य. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकांना दहा मिनिटं बसवून हे समजावून सांगा, त्यासाठी सर्जनच हवा असं नाही, आमच्यातला कोणीही सांगेल, उलट आम्हाला कोणी विचारत नाही म्हणून आम्ही जरा जास्तच सांगतो, हे पत्र वाचून ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

जागेअभावी काटछाट करणार असाल तर मेलरोझ आणि कूलींचा इतिहास खुशाल उडवा, आजींचं पण उडवलंत तरी चालेल, फक्त ७२ तासांत चार्ट मिळतो ते वाक्य तेवढं ठेवा.

आपला,
एक निवृत्त पर्फ्युजनिस्ट
सहकारनगर, पुणे